तिसरा रूळ

लखनौहून कानपूरला जाणारा लोहमार्ग अमौसीवरून जातो. मूळचा तो रुंद मापाचा, म्हणजे दोन रुळांमध्ये 1,676 मिलिमीटर अंतर असलेला. मीटर मापाच्या गाड्यांना त्यावरून जाण्याची सोय नव्हती. तेव्हा 1896 च्या सुमारास बुऱ्हवालपासून कानपूरपर्यंत त्याच मार्गावर तिसरा रूळ घालण्यात आला. दोन्ही मापांच्या गाड्या एका वाटेने जाऊ लागल्या. मात्र सांधे बदलण्याची गुंतागुंत वाढली आणि एका रुळाची देखभालही.

संगणकाच्या क्षेत्रात असाच प्रश्न रोज उभा राहतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. त्यात कोणती कार्ये आहेत आणि त्यांना कोणती माहिती पुरवावयाची, हे ज्या फाइलींत नोंदविलेले असते त्या हेडर फाइली होत. छपाईयंत्रासारखे एखादे उपकरण चालविणारा ड्रायव्हर कर्नेलसाठी लिहिला, की तो या नोंदींवर विसंबून असतो. आता, सामान्य कार्यक्रमांना दिलेले वचन कर्नेल कसोशीने पाळते. अंतर्गत नोंदींविषयी मात्र ते वचन देत नाही, आणि हे हेतुपुरस्सर आहे. तसे न केल्यास जुन्या चुका कायमच्या जतन कराव्या लागतील.

उदाहरणार्थ, स्मृतीतील पत्ता मर्यादेत आहे की नाही हे पाहणारे ‘अ‍ॅक्सेस ओके’ हे कार्य तीन बाबी मागत असे. मार्च 2019 मध्ये आलेल्या 5.0 आवृत्तीत त्यांपैकी पहिली, निरुपयोगी ठरलेली, बाब गाळण्यात आली. कर्नेलबाहेर राहिलेले जे ड्रायव्हर तीन बाबी देत होते, ते नव्या आवृत्तीवर तयारच होईनात. अशा वेळी कार्यालये जुनेच कर्नेल ठेवतात, आणि त्याबरोबर सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांनाही मुकतात.

यावर तिसरा रूळ घालता येतो. आवृत्ती पाहून जुनी वा नवी रीत निवडणारी अट लिहावयाची. परंतु ती ड्रायव्हरभर विखरू नये. एकाच फाइलीत एकत्र ठेवावी. शिवाय केवळ क्रमांकावर भरवसा ठेवणे धोक्याचे असते. रेड हॅटसारखे वितरक जुन्या क्रमांकाच्या कर्नेलमध्ये नवे बदल मागाहून आणतात. म्हणून एक लहानसा नमुना तयार करून पाहावा. तो तयार झाला तर ती रीत तेथे आहे, असे समजावे. जुन्या आवृत्त्या वापरातून गेल्या की त्यांच्या अटीही काढून टाकाव्यात.

सर्वांत चिरस्थायी उपाय म्हणजे ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्येच समाविष्ट करविणे. तेथे नोंद बदलणाराच तिच्यावर अवलंबून असलेले सर्व भाग दुरुस्त करतो. सरकारी पैशातून उपकरण घेताना किमतीइतकीच ही चौकशीही अगत्याची आहे: याचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये आहे काय, आणि नसेल तर पुढील दहा वर्षे त्याचा तिसरा रूळ कोण सांभाळणार?