किमान देय रकमेचा चकवा

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय वीस हजार, किमान देय एक हजार. हजार भरले की विलंब शुल्क टळतं, पण व्याज टळत नाही, आणि नेमकं हेच अनेकांना ठाऊक नसतं.

समजा, व्याजदर महिना साडेतीन टक्के आहे. ऐकायला किरकोळ, वर्षाचे झाले बेचाळीस! वीस हजारांवर महिन्याचं व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६. म्हणजे भरलेल्या हजारातून मुद्दल फिटलं जेमतेम १७४ रुपये. शिवाय बाकी ठेवली की बिनव्याजी मुदत संपते; नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्डावर रोकड काढलीत, तर बिनव्याजी मुदत मुळातच मिळत नाही.

फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड लांबते, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने २०२२च्या निर्देशांत बंधनकारक केलंय. पण तो वाचतो कोण? मोबाइलवर तर 'किमान रक्कम भरा' हे बटण अंगठ्याखालीच असतं. खात्यातून आपोआप बिल भरायची सोय घेतली असेल, तर तिथे 'एकूण देय' निवडलंय ना, तेवढं आजच तपासा.