जुन्या सामानाचे रंगकाम

कुंडल हे गाव पूर्वी औंध संस्थानात मोडत असे. आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाणारे रेल्वे स्टेशन आरंभी ‘कुंडल रोड’ या नावाचे होते. या स्टेशनाशेजारच्या उजाड माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपला कारखाना मांडला. त्यासाठी जागा दिली ती औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. नांगर, उसाचे चरक आणि पंप यांच्या जोडीला पुढे या कारखान्यातून लोखंडी फर्निचरही बाहेर पडू लागले. त्यामुळे या टापूतील एखाद्या जुन्या घराच्या सोप्यात गावच्या सुताराने घडविलेला सागवानी पलंग आणि कारखान्यातील लोखंडी खुर्ची ही दोन्ही शेजारी शेजारी नांदताना आढळली, तर त्यात नवल नाही.

रंगकामाचा विषय निघाला असता लक्ष्मणरावांच्या पूर्वचरित्रातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांमधील भेद आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाही, असे पुढे ध्यानात आल्यामुळे त्यांना रंग सोडावे लागले व यंत्रांच्या रेखाटनाकडे वळावे लागले. रंग गेला, पण आकार व जोडणी यांची पारख राहिली आणि तीवर पुढचा सारा उद्योग उभा राहिला. जुने सामान घरी रंगवू पाहणारा गृहस्थ बहुधा याच्या उलट करतो. तो प्रथम बाजारात जाऊन रंगाचा डबा घेऊन येतो, आणि खुर्चीचा पाय डुगडुगतो आहे हे त्याला रंग वाळल्यानंतर कळते!

म्हणून कामाचा आरंभ सांध्यांपासून करावा. सैल झालेला सांधा उकलून, त्यातील जुना सरस कोमट पाण्याने भिजवून व खरवडून काढावा, नवा सरस लावावा आणि दोरीने आवळून एक दिवस तसाच ठेवावा. खिळा ठोकण्याचा मोह मात्र आवरावा. खिळ्याने लाकूड चिरते आणि सांधा पुन्हा सुटतोच. लाकडातून बारीक पीठ गळत असेल, तर आत किडा आहे असे समजावे. त्याचा बंदोबस्त न करता वरून रंग देणे म्हणजे चोर आत असताना दाराला कुलूप लावणे होय.

यानंतरचा प्रश्न असा की, वस्तूवर पूर्वीचे लेपन कोणते आहे? हे ठरविण्यास फार विद्वत्ता लागत नाही. पलंगाच्या खालच्या बाजूस, जेथे कोणाची नजर जात नाही अशा ठिकाणी, स्पिरिटात भिजविलेला बोळा दोन मिनिटे दाबून धरावा. लेपन चिकट होऊन बोळ्याला तपकिरी डाग लागला, तर ते लाखेचे पॉलिश होय. काहीच घडले नाही, तर ते तेलात घोटलेले रोगण किंवा तैलरंग असण्याचा संभव अधिक. लाखेचे पॉलिश असेल, तर गृहस्थाचे भाग्य मोठे. कारण असे लेपन मुळापासून काढावे लागत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने वर्षानुवर्षांचा मळ व तेलकटपणा पुसून काढला आणि वस्तू सुकल्यावर बारीक काचकागद हलक्या हाताने फिरविला, की जुन्या पॉलिशवर नवे पॉलिश एकजीव होते. पुष्कळदा मळ निघताच खालचे सागवान असे उजळते की, रंगाचा विचारच मागे पडावा. अशा सागावर तपकिरी तैलरंग फासणे म्हणजे शालूला गोणपाटाचे अस्तर बाहेरून लावण्यासारखे आहे. तरीही हे घरोघर चालते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तर फारच चालते.

लाखेचे पॉलिश घरी करणे सोपे आहे. पळस, बोर, कुसुम इत्यादी झाडांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म किड्याच्या स्रावापासून लाख होते व ती शुद्ध करून तिचा चपडा करतात. एक लिटर स्पिरिटात सुमारे दीडशे ग्रॅम चपडा टाकून ते काचेच्या बरणीत रात्रभर ठेवावे, अधूनमधून हलवावे व वस्त्रगाळ करून घ्यावे. मलमलीत गुंडाळलेली कापसाची पुरचुंडी त्यात बुडवून, पिळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने एक सलग हात द्यावा. गेलेल्या जागेवर लगेच मागे फिरू नये. अर्धवट सुकलेले पॉलिश ओढले जाऊन त्याच्या वळ्या पडतात. जाड असा एक हात देण्यापेक्षा पातळ असे सहा हात बरे. स्पिरिट हे विषारी असून चटकन पेट घेणारे आहे. तेव्हा हे काम चुलीपासून व देवघरातील समईपासून दूर, उघड्या ओसरीवर करावे.

या पॉलिशला पाण्याचे वावडे आहे. ओला तांब्या ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते आणि पावसाळ्यात लावले तर सारा पृष्ठभाग पांढुरका होतो. म्हणून जेवणाच्या टेबलाला लाख नको, रोगणच हवे. कृष्णाकाठच्या या भागात दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ या कामास उत्तम. चैत्र-वैशाखात उन्हात ठेवून रंगविलेल्या वस्तूवर वरची साय लवकर धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि मग फोड येतात.

पाण्याचा विषय निघाला म्हणजे या प्रदेशात महापुराचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कृष्णेचे पाणी २००५ साली चढले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ साली पुन्हा आले. कुंडलपासून जवळच असलेल्या भिलवडी, अंकलखोप आदी नदीकाठच्या गावांत घरेच्या घरे पाण्यात राहिली. पूर ओसरल्यावर भुशाच्या दाबीव फळ्यांची कपाटे फुगून फुटली, तर टाकून द्यावी लागतात. अस्सल सागाची पेटी वा पलंग मात्र चिखलाने माखून ओळखू येईनासा झाला, तरी बहुधा वाचविता येतो. आणि तोच रस्त्यावर ढिगात टाकला जाणे ही खरी हानी होय.

अशा वस्तूच्या बाबतीत घाई हा मोठा शत्रू आहे. चिखल वाळू न देता स्वच्छ पाण्याने धुवावा. अडकलेले खण बळेच ओढू नयेत. मागची फळी सुटत असेल तर ती काढून वारा आत जाऊ द्यावा. वस्तू उन्हात कधीही ठेवू नये. उन्हाने वरचा थर आकसतो, आतला ओला राहतो आणि फळ्या वाकतात, तडकतात. सावलीत, वाऱ्यावर, चार विटांवर उचलून ती ठेवावी व दररोज फडक्याने पुसावी, म्हणजे बुरशी धरत नाही. यात आठवडे जातात, जाड लाकडाला महिनेही लागतात. लाकूड सुकले हे कसे ओळखावे? त्यासाठी यंत्र नसले तरी चालते. फुगल्यामुळे न हलणारा खण एके दिवशी पूर्वीसारखा सहज सरकू लागतो. तेव्हा पॉलिशची बरणी उघडण्यास हरकत नाही. त्यापूर्वी रंग दिला तर ओल आत कोंडते आणि तो रंग पापुद्र्यांनी सुटून येतो.

आता लोखंडी खुर्चीकडे वळू. तिचे स्क्रू व बोल्ट काढून वेगळे करावेत. वेताची बैठक असेल तर ती रंगवू नये. गंज तारेच्या ब्रशाने व काचकागदाने धातू उघडा पडेपर्यंत काढावा आणि त्याच दिवशी अस्तराचा हात द्यावा. कारण घासलेले लोखंड रात्रीच्या दमट हवेत पुन्हा गंजू लागते. पूर्वी या अस्तरासाठी शेंदूर जवसाच्या तेलात घोटून वापरीत. लोखंडाचे रक्षण तो उत्तम करी यात वाद नाही. परंतु शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म, आणि येथेच या विषयातील गंभीर भाग सुरू होतो.

जुन्या रंगांत शिसे केवळ अस्तरापुरते नव्हते. पांढरा सफेता, भडक पिवळा, नारिंगी आणि काही हिरवे रंग यांतही शिशाची संयुगे असत. शिसे शरीरात गेले असता लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो आणि त्याचे अमुक प्रमाण निर्धोक आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र मानीत नाही. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत नव्वद भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. याचा अर्थ उघड आहे: त्यापूर्वी रंगविलेल्या वस्तूविषयी संशय बाळगणे हेच शहाणपणाचे.

या संशयाचे पहिले स्थान म्हणजे पाळणा. घरातील लाकडी पाळणा आजोबांच्या बारशाला रंगविला गेला, मग वडिलांच्या, मग नातवाच्या. दर वेळी जुन्या रंगावर नव्या रंगाचा हात. दात येऊ लागलेले मूल त्याच कठड्याला तोंड लावते. आणि नातवंडाच्या आगमनाच्या आनंदात घरचा कर्ता पुरुष कोरडा काचकागद घेऊन तो रंग घासावयास बसला, तर त्याची धूळ घरभर, अंथरुणावर व गर्भवती सुनेच्या श्वासातही जाते. कौतुकाने केलेले काम असे अनर्थास कारण होते. तेव्हा संशयित रंग कोरडा घासू नये व दिवटीने जाळून तर मुळीच काढू नये. घराबाहेर, खाली कापड अंथरून, नाकावर धूळ अडविणारा चांगला मुखपट्टा बांधून, पृष्ठभाग ओला ठेवूनच खरवडावा. निघालेला रंग कापडासह गुंडाळून बंद पिशवीत घालावा, अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत, आणि मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या बाजूस फिरकू देऊ नये. रंगाच्या कपच्यांची तपासणी प्रयोगशाळेत होऊ शकते. तेवढी सोय नसेल, तर वडिलोपार्जित पाळणा माडीवर आठवण म्हणून ठेवावा आणि बाळाला कापडाची झोळी बांधावी. यात त्या पाळण्याचा अपमान नाही.

कॉस्टिक सोड्याने रंग काढण्याची रीतही काही ठिकाणी आहे. त्याने साग काळवंडतो व सांध्यांतील सरस सुटतो. वाचणाऱ्या श्रमांच्या मानाने हा सौदा महागच पडतो. खड्डे बुजविण्यासाठी, वर तैलरंग द्यावयाचा असल्यास, खडूची पूड व जवसाचे तेल यांची लांबी चांगली. पॉलिश द्यावयाचे असेल तर त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून भरावा. लोखंडाला आता शिसेविरहित, जस्ताच्या फॉस्फेटचे अस्तर मिळते. त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात पुरेत.

जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषून तापते. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकला, तर ती उष्णता आत साचते व काही तासांत, कोणी काडी न लावता, तो पेटू शकतो. काम संपताच चिंध्या पाण्यात बुडवाव्यात, किंवा एकेक मोकळी पसरून उघड्यावर पूर्ण वाळवाव्यात व मगच टाकाव्यात.

इनॅमल दुसऱ्या दिवशी हाताला कोरडे लागते, पण आतून कठीण होण्यास त्याला आणखी आठ-दहा दिवस लागतात. तोवर खुर्चीवर कोणी बसू नये आणि पलंगावर गादी घालू नये. पाहुणे आलेच, तर त्यांच्यासाठी सोप्यात सतरंजी अंथरावी.