महामंडळ बायकांचं, बोर्ड कोणाचं?

(यवतमाळ जिल्ह्यातील बचतगटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घाटंजी तालुक्यात एका बैठकीत हिशेब वाचणं चालू होतं. मागं बसलेल्या आजीनं विचारलं, "वरच्या बोर्डात आपली बाई कोन हाय वं? तिले कोनं निवडलं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. २००३ मध्ये बचतगटांचं काम शासनानं त्याच्याकडे सोपवलं. नफा कमावणं हा त्याचा हेतू नाही. पण अध्यक्ष नि संचालक नेमतं राज्य सरकार.

खाली मात्र उलट आहे. साधारण वीसेक गावांतल्या गटांचं मिळून एक लोकसंचालित साधन केंद्र. त्याची कार्यकारिणी गटांतल्याच बायकांची. ठराव त्यांचा, सही त्यांची, खर्चाला सेवाशुल्कही त्यांच्याच खिशातलं. (खिसा कुठला, लुगड्याच्या कनवटीचं म्हणा!) म्हणजे गावात आपण कारभारीण, आणि मुंबईत नुसत्या लाभार्थी.

सरकारनं नेमूच नये, असं मी म्हणत नाही. पैसा जनतेचा आहे, त्याचा जाब विधानसभेत विचारता यायला हवा. पण जो नेमतो तो न नेमताही बसू शकतो. राज्य महिला आयोग १९९३ च्या कायद्यानं झाला. तिथं फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. हाच टाळेबंदीचा काळ. मारणाऱ्या नवऱ्यासोबत बायका घरात कोंडल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

म्हणून मागणी एवढीच: साधन केंद्रांच्या बायकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधी संचालक मंडळावर घ्या, आणि मंडळाचे ठराव मराठीत प्रत्येक केंद्राला पाठवा. मोर्चा नंतर काढू. आधी वाचू तरी, वर काय ठरतं ते.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं मागणाऱ्या अर्जाचा मसुदा मी लिहून आणलाय. चहानंतर प्रत्येक केंद्राच्या दोघी-दोघींनी माझ्याजवळ बसा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी आधी या.