पहिल्या संग्रहाचं शहर



बॉस्टनमधल्या मराठी मंडळींच्या वतीनं या कथासंमेलनात मी आपलं मनःपूर्वक स्वागत करते. आपली उतरण्याची सोय घरोघरी केली आहे. काही कमी पडलं तर हक्कानं सांगा.

कथेसाठी जमायला हे शहर योग्यच. इथल्या बॉस्टन विद्यापीठात झुंपा लाहिरी सर्जनशील लेखन शिकल्या. १९९९ साली त्यांचा पहिला कथासंग्रह आला, ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’. अवघ्या नऊ कथा, आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर. कथासंग्रह खपत नाहीत, आधी कादंबरी आणा, असं नवोदितांना ऐकवणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

त्यातल्या मिसेस सेन मला फार जवळच्या. नवरा विद्यापीठात शिकवायला गेला की त्या जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरतात, ताज्या मासळीसाठी झुरतात, गाडी चालवायला घाबरतात. आपल्यापैकी कितीजणींनी सामानातून विळी आणली आहे! शेवटच्या कथेतला तरुण १९६९ साली नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये येतो, एमआयटीच्या ग्रंथालयात नोकरी करतो, दूध आणि कॉर्नफ्लेक्सवर भागवतो. घरमालकीण १०३ वर्षांची. आपल्या वडीलधाऱ्यांनीही असेच दिवस काढले. ते एका बंगाली घरातल्या मुलीनं लिहिलं याचा मला आनंद आहे. आपल्या घरांतलं कितीतरी अजून लिहायचं राहिलं, याची रुखरुखही आहे.

लिहिणं शिकवता येतं का, हा वाद जुना आहे. प्रतिभा कुणी देऊ शकत नाही, हे खरं. पण आपली कथा वर्गापुढे ठेवायची, इतरांचं ऐकून घ्यायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसायचं, ही शिस्त शिकता येते. गवई वर्षानुवर्षं गुरूसमोर तालीम घेतो, तेव्हा कुणी शंका काढत नाही. मग लेखकाच्याच शिक्षणावर अविश्वास का?

आज दुपारी आपल्यातल्याच एका मुलीच्या पहिल्या कथासंग्रहाचं प्रकाशन आहे. तिनं सर्जनशील लेखनाची रीतसर पदवी घेतली आहे. इंजिनिअर-डॉक्टरांच्या आपल्या समाजात हा निर्णय घ्यायला धैर्य लागतं, आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या आईवडिलांचंही मी इथे जाहीर अभिनंदन करते.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर पुस्तक ठेवलं आहे. नुसत्या टाळ्या वाजवू नका. विकत घ्या, वाचा आणि कोणती कथा आवडली, कोणती नाही, ते तिला मोकळेपणानं कळवा.