दुसऱ्याच्या हातचा चेंडू

अमेरिकेंतील फुटबॉलला फुटबॉल हें नांव कां पडावें, असा प्रश्न तो खेळ प्रथमच पाहणाराला पडल्यावांचून राहत नाहीं. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता; पायाचा त्याला स्पर्श क्वचित् व्हावयाचा, एरवीं सारा व्यवहार हातांचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें, न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावयाचा, एवढा नियम ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडूं नये.

या खेळांत चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि मैदानाच्या कडेस उभा राहून खेळ सुरू होतांच धांवत सुटणारा तो वाइड रिसीव्हर. त्याचें काम वरवर पाहतां झेल घेण्याचें आहे. परंतु क्रिकेटमध्यें सीमेवरचा गडी चेंडू कोठें येतो तें पाहून तिकडे धांवतो. येथें प्रकार उलटा. कितव्या पावलावर वळावयाचें हें अगोदर ठरलेलें असतें, आणि रिसीव्हर वळण्यापूर्वींच पुष्कळदां चेंडू क्वार्टरबॅकच्या हातांतून सुटलेला असतो. जेथें अद्याप कोणीच पोंचलेला नाहीं अशा जागेवर तो फेंकला जातो! दोघांपैकीं एकाचा हिशेब एका पावलानें चुकला तरी चेंडू शत्रूच्या हातीं जावयाचा. रिसीव्हरची कीर्ति अशी अर्धीअधिक दुसऱ्याच्या हातांत असते. जस्टिन जेफरसन या तरुण धंदेवाईक खेळाडूची कारकीर्द त्या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

जेफरसनचा जन्म १६ जून १९९९ चा. गांव लुइझियाना राज्यांतील सेंट रोझ. घरांत खेळ होताच. जॉर्डन हा वडील भाऊ लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, तर रिकी हा दुसरा त्याच विद्यापीठाच्या बचावफळींत. धाकट्याची मात्र फारशी दखल कोणी घेतली नाहीं. शाळकरी खेळाडूंना पांचांपैकीं किती तारे द्यावयाचे हें ठरविणारे परीक्षक अमेरिकेंत आहेत. त्यांतल्या कांहींनीं याला दोनच दिले. भावांच्या मागोमाग तो त्याच विद्यापीठांत गेला. पहिल्या वर्षीं, म्हणजे २०१७ सालीं, त्याच्या नांवावर एकही झेल लागला नाहीं. दोन वर्षांनीं त्याच मुलानें एका मोसमांत १११ झेल घेतले. मधल्या काळांत जो बरो नांवाचा क्वार्टरबॅक विद्यापीठांत आला होता, हें येथें सांगितलेंच पाहिजे. २८ डिसेंबर २०१९ रोजीं ओक्लाहोमाविरुद्धच्या सामन्याच्या पूर्वार्धांतच जेफरसननें बरोच्या फेकींवर चार वेळां गोलरेषा गांठली.

धंदेवाईक संघ दरसाल नव्या खेळाडूंची पाळीपाळीनें निवड करतात. एप्रिल २०२० मध्यें साथीमुळें ती घरोघरीं बसून, दूरध्वनीवरून व पडद्यावरून उरकावी लागली. चार रिसीव्हर आधीं निवडले गेले. जेफरसन पांचवा, आणि एकंदर यादींत बाविसावा. त्याला घेणाऱ्या मिनेसोटाच्या संघाकडे ती पाळी आली होती ती स्टेफॉन डिग्ज हा आपला नामांकित रिसीव्हर बफलोला देऊन. नव्या मुलाला अशा रीतीनें दुसऱ्याची रिकामी जागा मिळाली. त्यानें पहिल्याच वर्षीं ८८ झेल व १,४०० यार्ड केले, दुसऱ्या वर्षीं १,६१६, आणि २०२२ सालीं १२८ झेलांनिशीं १,८०९. त्या वर्षीं या आंकड्याला दुसरा कोणीहि पोंचला नाहीं.

त्याच मोसमांत, १३ नोव्हेंबर २०२२ रोजीं, मिनेसोटाचा सामना बफलोशीं बफलोच्याच मैदानावर पडला. शेवटचीं कांहीं मिनिटें उरलीं होतीं. मिनेसोटाचे २३ गुण, बफलोचे २७. चौथा प्रयत्न, आणि जावयाचें अठरा यार्ड. कर्क कझिन्सनें चेंडू उंच भिरकावला. जेफरसन उलटा झेंपावला. बफलोच्या गड्याचे हात चेंडूला लागलेहि होते. जेफरसननें एका पंजानें तो ओढून घेतला आणि पाठीवर पडतां पडतां सोडला नाहीं. लाभ ३२ यार्डांचा झाला. गंमत अशी कीं, या झेलानें एक गुणहि मिळाला नाहीं. पुढें गोलरेषेपासून वीतभर अंतरावर मिनेसोटाची चाल थोपविली गेली. मग बफलोच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू निसटला, तो मिनेसोटाच्या दुसऱ्याच गड्यानें झडप घालून मिळविला, आणि जादा वेळांत सामना ३३-३० असा सुटला. झेलाची आठवण लोकांच्या मनांत राहिली; सामना मात्र अनेकांनीं मिळून जिंकला होता.

पुढचें वर्ष निराळें उजाडलें. ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं जेफरसनच्या मांडीचा मागील स्नायु दुखावला. धांवण्यावरच ज्याचें पोट, त्याला याहून वाईट दुखापत शोधावी लागेल. सात सामने त्याला बाहेर बसावें लागलें. तो बसला असतांच कझिन्सच्या टांचेची शीर तुटली. जेफरसन परतला तो डिसेंबरांत, आणि परतलेल्या दिवशींच छातीवर आघात होऊन त्याला इस्पितळांत न्यावें लागलें. तरीहि अवघ्या दहा सामन्यांत १,०७४ यार्ड भरले. मोसमभरांत त्या संघासाठीं चार निरनिराळ्या गड्यांनीं चेंडू फेंकला होता.

जून २०२४ मध्यें चार वर्षांचा नवा करार झाला: १४ कोटि डॉलर, त्यांपैकीं ११ कोटि हमीचे. हमी हा शब्द येथें महत्त्वाचा. करारावरील मोठा आंकडा वर्तमानपत्रांत झळकतो. पण हमीवांचूनची रक्कम खेळाडूला संघानें सोडल्यास बहुधा मिळत नाहीं. ज्याचा एक स्नायु हें त्याचें भांडवल, तो घासाघीस करतो ती या दुसऱ्या आंकड्यासाठीं. त्यांत लोभापेक्षां शहाणपण अधिक आहे.

२०२४ च्या मोसमांत कझिन्स दुसऱ्या संघांत गेलेला होता. सॅम डार्नल्डच्या फेकींवर जेफरसननें १०३ झेल घेऊन १,५३३ यार्ड केले. नंतर डार्नल्डहि गेला, आणि २०२५ च्या मोसमाच्या आरंभीं जे. जे. मॅकार्थी हा बावीस वर्षांचा तरुण त्या जागीं उभा राहिला. कितव्या पावलावर वळावयाचें, याची जुळणी दोघांनीं पुन्हां पहिल्यापासून आरंभिली.