हिरव्या सालीचे गोड संत्रे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या सुमारास सीताबर्डीच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री दिसू लागतात आणि हातगाडीपुढे ठरलेला संवाद ऐकू येतो. "भाऊ, हा तर हिरवाच आहे, आंबट असेल." "नाही बाई, आंबिया आहे. वरून हिरवा, आतून गोड." बाईंचा विश्वास बसत नाही, त्या पुढच्या गाडीकडे वळतात. गाडीवाला खरे बोलतो की नुसता माल खपवतो?

उत्तर सालीच्या पेशींत आहे. वनस्पतीच्या पेशीत लवके नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांतली हिरवी ती हरितलवके. सूर्यप्रकाश पकडून पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर करण्याचे काम त्यांचे. एवढे आपण शाळेत शिकलो. पण लवक बहुरूपी आहे, हे मात्र पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यातच राहून जाते. बटाट्यातली लवके रंगहीन असतात, त्यांत स्टार्च साठतो. तोच बटाटा उजेडात राहिला की हिरवा पडतो, कारण त्या रंगहीन लवकांचीच हरितलवके होतात. (असा हिरवा भाग कापून टाकावा. दोष रंगाचा नव्हे, त्याच्या जोडीने वाढणाऱ्या सोलॅनिन या विषारी द्रव्याचा.)

संत्र्यात प्रवास दुसऱ्या दिशेने होतो. कोवळ्या फळाची साल हरितलवकांनी भरलेली असते. पुढे हरितद्रव्य मोडते, लवकातले पापुद्रे विस्कटतात आणि कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी द्रव्ये साठू लागतात. लवक तेच, पण आता ते वर्णलवक झाले.

हा पालट नीट व्हायला रात्री थंड लागतात. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उतरतात, म्हणजे नागपूरची थंडी झाडावरच अंगावर घेऊन येतात. त्यांचा रंग बघत राहावा असा! आंबियाचे फळ मात्र पावसाळ्याच्या उबदार, दमट हवेत वाढते आणि थंडी पडण्याआधीच तयार होऊ लागते. गरातली साखर वाढते, आंबटपणा उतरतो आणि साल मागे राहते. गर आणि साल यांची घड्याळे वेगळी आहेत. थायलंडसारख्या उष्ण देशांत हिरव्या सालीची संत्री लोक बिनदिक्कत खातात. आपल्याकडे मात्र रंग कमी म्हटला की भाव पडतो, आणि तो फटका बागायतदाराला बसतो.

रंग पालटण्याचा हुकूम लवकाला कोण देते? इथे गोष्ट फार जुनी होते. नीलहरित शैवाल म्हणतो ते खरे तर जिवाणू. त्यांच्यात लवके नसतात, अख्खी पेशीच प्रकाश पकडते. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी असा एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला. तळ्यावरच्या हिरव्या शेवाळातली आणि संत्र्याच्या सालीतली हरितलवके त्याचेच वंशज. ही कल्पना रशियाच्या मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये मांडली. ती मागे पडली होती, १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी पुन्हा पुढे आणली. २००६ मध्ये मोसंबीच्या प्रजातीतील हरितलवकाचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला. त्यात जनुके निघाली १३३. मोकळ्या नीलहरित जिवाणूत ती हजारोंनी असतात. बाकीची गेली कुठे? काही नाहीशी झाली, बरीच झाडाच्या केंद्रकात गेली. म्हणून हुकूम केंद्रकाचा चालतो. आणि तो उलटाही फिरतो: व्हॅलेन्शिया जातीची पिकलेली नारिंगी संत्री उन्हाळ्यापर्यंत झाडावर राहिली, तर साल पुन्हा हिरवट होते. गोडी जात नाही.

व्यापारात साल पिवळी करायला इथिलीन वायू वापरतात, त्याला मर्यादित परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे. पण इथिलीनने साल पालटते, रस नव्हे. केळे, आंबा तोडल्यावर पिकतात. संत्रे तोडल्यावर गोड होत नाही. तेव्हा झाडावर पिकलेला हिरवट आंबिया गोड निघतो, आणि घाईने तोडलेले आंबट फळही चार दिवसांत नारिंगी होऊन टोपलीत सगळ्यांत वर बसू शकते.