भाडेवाढीचा हिशेब

(लोणावळ्यातील एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)

आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर लोणावळ्यातील घराच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. खंडाच्या सिद्धांतावर व्याख्यान देणे सोपे, स्वतः खंड घेणे अवघड, हे तेव्हा उमगले.

यंदा ११ महिन्यांचा करार संपत आला. भाडेकरू चिक्कीच्या दुकानात कामाला, दोन मुले शाळेत. भाडे ८,००० रुपये. दलाल म्हणाला, "सर, शेजारचा बंगला शनिवार-रविवारच्या पर्यटकांवर चालतो. दहा टक्के तरी वाढवा."

कायद्याचा इतिहास पाहा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला आसरा मिळाला, परंतु दुरुस्तीपुरतेही उत्पन्न न उरल्याने अनेक इमारती खचल्या. ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरली, असे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पुढे १९९९ च्या कायद्याने जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. लिव्ह अँड लायसन्सच्या नूतनीकरणाला मात्र ही मर्यादा नाही. तेथे वाढ उभयतांच्या संमतीने ठरते. परंतु मुदत संपताच ज्याला घर सोडावे लागते, त्याची संमती कितपत स्वतंत्र?

मग वाढ मागण्याचा माझा हक्क कशावर उभा आहे? बोरघाटातून रेल्वे १८६३ साली गेली; द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यांनी मावळातील जमिनीला भाव आणला. त्यात माझे श्रम नाहीत. जॉन स्टुअर्ट मिलने अशा लाभाला अनर्जित म्हटले होते. घरपट्टी, सिमेंट, रंगकाम मात्र खरोखरच महागते. तेवढी वाढ न्याय्य होय.

निव्वळ स्वार्थाचा हिशेबही करून पाहू. दहा टक्के म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये अधिक. हे कुटुंब निघून गेले आणि खोल्या एकच महिना रिकाम्या राहिल्या, तर नव्या दराने ८,८०० रुपये बुडतात. उरले ८००, ते दलालीत आणि रंगात केव्हाच जातील. शिवाय दरवर्षी दहा टक्के वाढवत गेलो, तर पाच वाढींनंतर भाडे १२,८८४ रुपये होईल. चिक्कीच्या दुकानातला पगार त्या वेगाने वाढतो काय?

मी भाडेकरूला दोन महिने आधी बोलावले, खर्चाचे कागद त्याच्यासमोर मांडले आणि ४०० रुपये वाढ सुचवली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "देईन, सर. पण मागच्या भिंतीची ओल पावसाआधी काढा." तक्रार रास्त होती, वर्षभर मी ती टाळली होती. गवंडी आधी आला, करार नंतर नोंदला.

परंतु मित्रहो, एका घरमालकाच्या सद्बुद्धीने हा प्रश्न सुटत नाही. उद्या माझी बुद्धी फिरली तर? येथे आठवड्याचे पाच दिवस कुलूपबंद राहणारे बंगले आहेत आणि त्यांची झाडलोट करणारी माणसे खोलीसाठी वणवण हिंडतात. नूतनीकरणाच्या वाढीला महागाईशी निगडित कमाल मर्यादा हवी आणि कामगारांसाठी सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे हवीत. ही मागणी भाडेकरूंनी तर करावीच. आम्हा घरमालकांनीही तिच्यावर सही करावी. माझी सही मी आज येथेच करतो.